डाळिंबाचा ताण आणि दाजींचं रक्त

बारामती

पुण्यात "बारामतीला चाललेय" म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो. काहीतरी काम अडलं असणार आणि ते तिथेच सुटणार, असा त्यामागचा आदर असतो. मी रक्तावर भाषण करायला चालले आहे असं सांगितल्यावर शेजारचे गृहस्थ जरा निराश झाले. "एवढंच?" म्हणाले, आणि फाटक लावून घेतलं.

मी डॉक्टर आहे, पण रोगी तपासणारी नाही. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली, आणि तीही रक्तातल्या प्लेटलेट्सच्या सहवासात. प्लेटलेट्स म्हणजे रक्तातल्या सगळ्यात लहान कणिका. कुठे कापलं, खरचटलं की त्या तिथे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. मला माणसापेक्षा त्याच्या रक्ताची ओळख लवकर होते. लग्नसमारंभात याचा काही उपयोग होत नाही.

बोलावणं आलं होतं ते माझी मामेबहीण कुसुम हिच्या यजमानांचं. इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याला त्यांची डाळिंबाची बाग आहे. गाव त्यांना तात्या म्हणतं. मी नात्याने दाजी म्हणते. फोनवर ते म्हणाले, "आक्का, गावात हृदयरोगाचा मेळावा घेतोय. तुमी हार्टातल्या, तुमी पायजेच."

"दाजी, मी हृदयातली नाही. मी रक्तातली."

"रगत हार्टातनंच जातंय न्हवं?"

यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही. मी डिसेंबरातल्या एका सकाळी बसमध्ये बसले.

बारामतीत उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते रस्ते. पुण्यात रस्ता रुंद झाला की गाड्या लावायला नवी जागा झाली असं लोक समजतात. इथे रुंद केलेला रस्ता अजून रस्ताच आहे. बाकी प्रत्येक चौकात एक कोनशिला, प्रत्येक कोनशिलेवर नावांची उतरंड. एका मुतारीवरची संगमरवरी पाटी मी पूर्ण वाचली. मुतारी बंद होती.

दाजी गाडी घेऊन आले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. बारामतीतच अँजिओप्लास्टी झाली, धमनीत जाळी बसली. ते थोडे वाळले होते. टोपी मात्र पूर्वीसारखीच कडक. चहाला थांबलो तर तिथे त्यांच्या ओळखीचे दोघे भेटले, आणि ट्रॅक्टरची चौकशी करावी तशी जाळीची चौकशी सुरू झाली.

"तात्या, तुमची एकच काय?"

"एकच."

"आमच्या आबाला तीन हायत." हे सांगताना त्या गृहस्थांची मान किंचित वर गेली.

दाजींनी बिनसाखरेचा चहा मागितला. उसाच्या पट्ट्यात बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे देवळाच्या पायरीवर बसून देव नाही म्हणणं. हॉटेलवाल्याने चहा दिला, पण कप जरा लांबच ठेवला.

अंथुर्णे

इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी ऊस गाडीत डोकावतो. मध्येच जंक्शन नावाचं एक गाव लागतं. मी सवयीने रूळ शोधले, रूळ नव्हते. दाजी म्हणाले, "नाव हाय ना, बास की."

कुसुमने रात्री हुलग्याच्या शेंगोळ्या केल्या होत्या. आमच्याकडे पुण्यात हुलगे आता कोणी खात नाही, आणि जो खातो तो त्याचं इंग्रजी नाव घेऊन, डब्यावर छापलेले गुण वाचत खातो. इथे ताटलीत वाफाळता रस्सा, बोटभर वळलेल्या शेंगोळ्या, बाजरीची भाकरी आणि वर लसणाची फोडणी. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा कुसुम म्हणाली, "आक्का, पुण्याला काय जेवत नसतीस का?"

जेवणानंतर तिने औषधांचा डबा काढला आणि दाजींच्या तळहातावर एकेक गोळी ठेवली. "औषधाच्या बाबतीत लई गुणाचं हायत बघ. एक दिस चुकवत न्हाईत." गुणी माणसाने काही गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायलं, आणि मूठ तशीच मिटलेली ठेवून हात धुवायला अंगणातल्या नळाची वाट धरली. मी ते पाहिलं. पाहिलं एवढंच, शेंगोळ्यांनी विचारशक्ती जड झाली होती.

सकाळी दाजी मला बाग दाखवायला घेऊन गेले. बांधाच्या अलीकडे शेजाऱ्याचा ऊस, डोळ्यांना थंडावा देणारा. पलीकडे दाजींची डाळिंबं, आणि त्यांची दशा पाहवेना. पानं पिवळी पडून गळत होती, जमीन भेगाळली होती, ठिबकच्या नळ्या कोरड्या. जुन्या छाटणीच्या जागांवर निळसर मलम फासलेलं, एवढाच काय तो रंग. घरात दुखणं, इकडे बागेची ही अवस्था. मी सांत्वनाच्या सुरात म्हटलं, "होतं असं, दाजी. पुढच्या वर्षी येईल चांगलं."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी झोपलेल्या माणसाला खांदा द्यायला आले होते.

"मेली न्हाय बाग. ताण दिलाय तिला. मुद्दाम पानी तोडलंय."

मग त्यांनी समजावलं. डाळिंबाला सतत पाणी दिलं की झाड नुसतं पाल्याने माजतं. बहार धरायच्या आधी त्याचं पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, झाडाला विसावा द्यायचा. मग छाटणी करून पाणी सोडलं की सगळं झाड एकदम फुलावर येतं. "तहान लागल्याबिगर झाडाला फुलायची बुद्धी व्हत न्हाय," दाजी म्हणाले. हे वाक्य कोणत्याही व्यासपीठावर टाळी घेईल असं होतं, पण त्यांनी ते सहज टाकलं आणि पुढे चालू लागले.

मला वाट मिळावी म्हणून त्यांनी एक वाकलेली फांदी वर उचलली. डाळिंबाला काटे असतात हे फळ सोलून खाणाऱ्याला आठवत नाही. काटा त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत तिरका ओढला गेला आणि रेघेवर रक्ताचे मणी उभे राहिले.

रक्त दिसलं की इतर माणसं तोंड फिरवतात. मी जवळ जाऊन पाहते, तेवढाच माझा पिंड. मी पिशवीतून रुमाल काढला, घडी उलगडली, आणि पुसायला गेले तर पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. रक्त थांबलं होतं. जखम शहाण्यासारखी बंद झाली होती. जरा जास्तच शहाण्यासारखी.

जाळी बसवलेल्या माणसाला प्लेटलेट्स आवरून धरणाऱ्या दोन गोळ्या देतात. सगळे त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. रक्त काही ताकात पाणी घातल्यासारखं पातळ होत नाही. प्लेटलेट्स एकमेकींचे हात धरायला नाखूश होतात, एवढंच. अशा माणसाला असं खरचटलं तर रक्त रेंगाळत, पाझरत राहायला हवं. एका ओरखड्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं. पण कालची मिटलेली मूठ आता आठवली.

"दाजी, गोळ्या घेताय ना?"

"व्हय की. कुसुमला इचारा."

"मी तुमच्या हाताला विचारतेय."

दाजींनी हाताकडे पाहिलं. फितूर निघालेल्या नोकराकडे पाहावं तसं. मग ते शेततळ्याकडे चालू लागले. तिथे पाण्याच्या मोटारीची लोखंडी पेटी होती. त्यांनी तिचं दार उघडलं. आत तारा, फ्यूज, एक पाल आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दिवाळीपासूनच्या गोळ्या होत्या, दोन्ही प्रकारच्या. रक्तदाबाच्या आणि चरबीच्या गोळ्या ते खरोखरच घेत होते. राखून ठेवल्या होत्या त्या फक्त याच.

"टाकून दिल्या न्हाईत," ते म्हणाले. "औषध टाकू न्हाय."

"पण का?"

"बागेला ताण दिला त्याच दिशी म्हटलं, आपल्या अंगालाबी देऊ. पाच-सहा म्हैने नुसतं औषध-औषध. अंगाला वाईच विसावा नको का? पानी सोडलं की गोळीबी चालू करणार हुतो." आणि मग जरा खालच्या आवाजात खरं कारण आलं. "आक्का, छाटणी तोंडावर आलीय. गोळी चालू असली की प्रत्येक काट्याला रगताची धार. पावसाळ्यात फुटवं काढताना सदरा लाल झाला तर बाया म्हणल्या, तात्या, तुमी बांधावर बसा, आमी करतो. बांधावर बसायला मी काय पाव्हणा हाय? हातमोजं घातलं तर कातरीला फांदी कळत न्हाय. ही बाग मी हातानं लावलीय."

मी म्हटलं, आत्ता डॉक्टरांना फोन करा. जाळी नवी आहे. या गोळ्या अशा अचानक सोडल्या तर जाळीत गुठळी होऊ शकते, आणि तसं झालं तर बारामतीला पोचायलाही वेळ मिळणार नाही.

"गुठळी कशानं व्हईल? ठिबकची नळी चोंदली की आमी ॲसिड सोडतो, नळी मोकळी. डॉक्टरनं फुगा घालून नळी मोकळी केली, वर जाळी टाकली. आता तितं काय अडकायचं ऱ्हायलंय?"

"धमनी म्हणजे नळी नाही, दाजी."

"मग काय हाय?"

मी कालव्याची उपमा दिली. ती त्यांनी तीन प्रश्नांत मोडून काढली. कालव्याबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं खिडकीतून पाहिलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "हे बघा, दुपारी तुमचं भाषण हायच. तितं सगळ्यांना सांगा. मला पटलं तर आज रातीपास्नं गोळी चालू. पण तवर कुसुमला बोलायचं न्हाय."

मी कबूल झाले. आयुष्यात इतक्या थोड्या श्रोत्यांसाठी मी भाषणाची इतकी तयारी कधी केली नव्हती. श्रोता एक होता.

मेळावा

मेळावा गावच्या सभामंडपात होता. प्रवेशद्वारावर फ्लेक्स, त्यावर बरेच चेहरे, आणि कोपऱ्यात माझा. जागा भरावी म्हणून तो आडवा ताणला होता. नावाखाली 'जागतिक कीर्तीच्या हृदयतज्ज्ञ' असं लिहिलं होतं. मी संयोजकांना म्हटलं, "यातलं एकही पद माझं नाही." ते म्हणाले, "असू द्या मॅडम, छापून झालंय."

प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते, आणि ते त्यांनी पार पाडलं. मग दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने वात विझली, पुन्हा प्रज्वलन झालं, छायाचित्रकाराला हवं तसं आलं नाही म्हणून आणखी एकदा. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. मला फेटा बांधला तो असा घट्ट की माझ्याच डोक्याच्या रक्तपुरवठ्याची काळजी वाटावी. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. ज्यांचे राहिले ते व्यासपीठाच्या कडेला उभे राहून नजरेने आठवण करून देत होते. हृदयरोगाच्या मेळाव्यात तळलेल्या भज्यांचा वास मागून येत होता, आणि श्रोत्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. ते मला कोणत्याही भाषणापेक्षा प्रामाणिक वाटलं.

आणि मग सूत्रसंचालकांनी आवाज चढवला. "आता आपण एका अशा व्यक्तिमत्त्वाचा सन्मान करणार आहोत, ज्यांनी केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर हृदयविकाराला चारी मुंड्या चीत केलं!" दाजी उभे राहिले. त्यांना 'हृदयवीर' असं लिहिलेलं सन्मानपत्र देण्यात आलं, मोठ्या फ्रेममध्ये, मधोमध त्यांचाच रंगीत फोटो. टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, गोळ्या-औषधं सगळेच घेतात, पण तात्यांसारखं मन पाहिजे. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी फेट्याचा शेमला सारखा केला.

मला माइक मिळाला तेव्हा ऊन उतरलं होतं. "मॅडम, थोडक्यात," सूत्रसंचालक कानात म्हणाले. पेनड्राइव्हवर आणलेली चित्रं पडद्यावर दिसेनात. पडद्याच्या जागी सत्काराची शाल वाळत घातल्यासारखी टांगली होती.

मी जे सांगणार होते ते असं. धमनीला आतून एकाच थराचं नाजूक अस्तर असतं, आणि ते जिवंत असतं. अस्तर धड आहे तोवर प्लेटलेट्स त्याला चिकटत नाहीत. अस्तरच त्यांना 'पुढे चला' म्हणत असतं. रक्तदाब, तंबाखू, वाढलेली साखर आणि चरबी यांनी ते आजारी पडलं की त्याचा स्वभाव बदलतो. जाणाऱ्या प्लेटलेट्स तिथे अडखळतात, रेंगाळतात, चिकटतात, आणि आपल्या पोटातली रसायनं सोडून पांढऱ्या पेशींना बोलावतात. पांढऱ्या पेशी अस्तराखाली शिरतात, तिथली चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. वर्षानुवर्षं भिंतीच्या आत असा गर साठत राहतो, आणि माणसाला पत्ता नसतो. प्लेटलेट्स शेवटी येऊन गुठळी करतात असं पूर्वी समजत. खरं तर भिंत बिघडते तिथपासून त्यांचा त्यात हात असतो. मग एके दिवशी गरावरचा पातळ पापुद्रा फाटतो. प्लेटलेट्सना वाटतं, माणूस कापला गेला. त्या इमानाने धावतात आणि भोक बुजवतात. भोकही बुजतं आणि वाटही. जाळीचंही तसंच. ती त्यांच्या लेखी परका धातू. तिच्यावर अस्तर चढेपर्यंत त्या तिला जखमच समजतात.

हे सगळं मी सांगणार होते. प्रत्यक्षात मी "प्लेटलेट्स या रक्तातल्या..." इथवर आले आणि माइक किंचाळला. दुरुस्त झाला तेव्हा भज्यांची पहिली परात बाहेर आली होती. मी "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका" एवढं ओरडून सांगितलं आणि खाली बसले. सगळ्यात जोरात टाळ्या दाजींनी वाजवल्या.

घरी जाताना मी विचारलं, "पटलं?"

"काय पटायचं? भाषण झालंच न्हाय की," ते म्हणाले. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

वालचंदनगर

माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली वालचंदनगरला रक्ततपासणीची छोटी प्रयोगशाळा चालवते. तिला भेटायचं म्हणून मी सकाळीच निघायचा हट्ट धरला. दाजींना म्हटलं, भाषण राहिलं ते तिथे पुरं करते. गाडी दाजींनी चालवली, मी त्यांच्या शेजारी, मागे कुसुम आणि तिच्या बाजूला उभी ठेवलेली हृदयवीराची फ्रेम. काल ती गाडीतून उतरवायची राहिली होती.

वालचंदनगर म्हणजे उसाच्या मध्ये कोणी मोजपट्टी घेऊन आखलेलं गाव. सरळ रस्ते, जुनी झाडं, एका साच्यातली कामगारांची घरं. प्रत्येक घर शेजारच्यासारखं, आणि प्रत्येकाने कुंड्या, रंग, झोपाळा यांनी आपण शेजारी नाही हे सिद्ध केलेलं. पुण्यातल्या सोसायटीत मी हेच करते, फक्त जास्त हप्ते भरून.

वैशालीने चहा ठेवला. मी तिला सूक्ष्मदर्शक मागितला. दाजींच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ओढला, रंगवला, वाळवला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. टोपी आडवी येत होती. त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली.

"काय दिसतं?"

"गुलाबी-गुलाबी चकत्या लई हायत."

"त्या लाल पेशी. त्यांच्या मध्ये बघा. जांभळे बारीक कण."

"हायत. खसखशीवानी." ते थांबले. "एका जागी गोळा झाल्यात. घोळका हाय."

"त्याच प्लेटलेट्स."

दाजी बराच वेळ डोळा लावून बसले. मग मान वर न करता, मागे कोण उभं आहे हे विसरून म्हणाले, "मी गोळी बंद केली म्हणून ह्या अशा गोळा झाल्या का?"

मागे कुसुम उभी होती.

"कसली गोळी बंद केली?" ती म्हणाली.

वैशाली चहा गाळायला उठली. तिच्यासमोर या प्रसंगी गाळण्याइतकं सुज्ञ काम दुसरं नव्हतं.

त्या क्षणी मला फक्त "हो" म्हणायचं होतं. हो दाजी, बघा, तुमच्या रक्तात गुठळ्या धरायला लागल्या. ते घाबरले असते, गोळी सुरू झाली असती, मी दुपारच्या बसने घरी गेले असते. पण ते खरं नव्हतं. बोट टोचून काढलेल्या थेंबात त्या अशा गोळा होतातच.

"नाही," मी म्हटलं. "माझ्याही अशाच दिसतील." आणि वैशालीकडून माझ्या बोटाला टोचून घेतलं. दुसरी पट्टी तयार झाली. दाजींनी एकदा ही, एकदा ती पाहिली.

"सारखंच हाय."

"सारखंच. त्यांचा दोष नाही. बोट टोचलं, त्यांना वाटलं भिंत फुटली, त्या जमल्या. त्यांचं काम तेच. तुमच्या धमनीत जाळी आहे, तिलाही त्या फुटलेली भिंतच समजतात. गोळी त्यांना सांगते, थांबा, इथे जमू नका."

"किती दिस सांगायचं?"

"जाळीवर आतलं अस्तर चढेपर्यंत. म्हणून डॉक्टर वर्षभर तरी म्हणतात. कुणाचं लवकर चढतं, कुणाचं उशिरा. बाहेरून दिसत नाही."

दाजींनी टोपी हातात फिरवली. "म्हंजी छाटलेल्या फांदीवानी," ते हळू बोलले. "साल धरस्तवर आमी बोर्डो फासतो. निळं दिसलं बघा तुमाला. साल धरायच्या आधी ते निघालं की रोग आत शिरतो, आन् झाड वरनं हिरवं दिसतं."

"हो."

"आन् मी बोर्डोच खरवडला." मग जरा चिडून, "पण मग ताणाचं काय? विसावा नको का अंगाला?"

"ताण तुम्ही किती वर्षांच्या झाडाला देता?"

"चांगल्या धरलेल्या."

"आणि कालच लावलेल्या रोपाला?"

"त्याला पानी तोडलं तर..." दाजी तिथेच थांबले.

एवढा वेळ कुसुम दाराला टेकून उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती बाहेर गेली, गाडीतून फ्रेम काढून आणली आणि टेबलावर, दोन काचपट्ट्यांच्या शेजारी उभी केली.

"हे बरं झालं बघ आक्का," ती म्हणाली. "फोटो हाय, फ्रेम हाय. नुसता हार घालायचा ऱ्हायला."

दाजींनी टोपी घातली. "चला," म्हणाले, "दवाखान्यात."

पुन्हा बारामती

मी गाडीतून त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच या, घरी काही सुरू करू नका, मी बघतो. या वेळी गाडी दाजींनी चालवू नये असं मी सुचवलं, तर कुसुमने आधीच किल्ली काढून घेतली होती. ती इतकी सावकाश गाडी हाकत होती की उसाच्या बैलगाड्या आमच्या पुढे गेल्या. दाजी मागच्या सीटवर फ्रेमच्या शेजारी बसले आणि संपूर्ण रस्ताभर तिच्याकडे पाठ करून बाहेर पाहत राहिले.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. काही घडलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आवाज न चढवता दाजींना एवढं सांगितलं की तुम्ही वाचलात यात तुमची, माझी किंवा इच्छाशक्तीची काही कर्तबगारी नाही. गोळ्या त्यांनी स्वतः ठरवून पुन्हा सुरू केल्या. दाजींनी छाटणीचं विचारलं. "करा की," डॉक्टर म्हणाले. "लांब बाह्यांचा जाड सदरा घाला. खरचटलं तर जरा जास्त वेळ दाबून धरा. रक्त वाहतंच राहिलं, थांबेना, तर इकडे या. पण बागेसाठी गोळी सोडू नका."

"हे आधी सांगायचं ना," दाजी पुटपुटले.

"तुम्ही आधी विचारायचं ना," कुसुम म्हणाली.

मी संध्याकाळच्या बसने परतले. कुसुमने हुलग्याचं पीठ बांधून दिलं. माझा फेटा आणि शाल मी मुद्दाम त्यांच्याकडे विसरले.

जानेवारीत एका सकाळी फोन वाजला. पडद्यावर आधी आकाश दिसलं, मग कातर, मग दाजींचा अंगठा, अगदी जवळून. मागे छाटलेल्या फांद्या, आणि ठिबकच्या नळ्यांखाली ओली माती. पाणी सोडलं होतं. अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं आणि त्यातून लाल डाग हळूहळू पसरत होता.

"आक्का, बघा," दाजी आनंदाने म्हणाले. "काटा लागून बराच येळ झाला. अजून थांबंना!"

मागून कुसुमचा आवाज आला. "नवा सदरा हाय तो! नवा!"

रक्त कसं थांबतं हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. ते रेंगाळताना पाहून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

"छान," मी म्हटलं. "आता फोन ठेवा, आणि दाबून धरा."